नगराचा मैला आणि शेतकऱ्याचे पाय

नामपल्ली स्थानकावर उतरून आपण हैदराबाद शहरात शिरतो, तेव्हा पायांखालून वाहणाऱ्या गटारांचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो येऊ नये, हेच एका मोठ्या कार्याचे यश होय.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांचे स्थापत्यशिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले होते आणि मुंबई इलाख्यातील दीर्घ सेवा त्यांच्या पाठीशी होती. पुराला आवर घालणाऱ्या जलाशयांबरोबरच त्यांनी नगरासाठी भुयारी गटारांचीही योजना आखली. पुढे १९१२ मध्ये नगर-सुधारणा मंडळ स्थापन झाले व नामपल्लीसारख्या भागांतील कोंदट वस्त्यांचा कायापालट सुरू झाला. सांडपाणी नदीच्या खालच्या अंगाला, अंबरपेटकडे नेण्यात आले.

परंतु मैला दृष्टीआड झाला, म्हणून तो नाहीसा होत नाही. शुद्धीकरण केंद्रात पाणी निवळते आणि तळाशी गाळ उरतो. त्या गाळात नत्र आणि स्फुरद असल्यामुळे तो उत्तम खत ठरू शकतो. पण रोगजंतू आणि जंतांची अंडीही त्यातच साचतात. जंतांची काही अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मुसीच्या काठी सांडपाण्यावर गवत पिकते, ते म्हशी खातात आणि त्यांचे दूध पुन्हा नगरातच येते. तेथे राबणाऱ्या कुटुंबांत अंकुशकृमींचा उपद्रव अधिक असल्याचे या शतकाच्या पहिल्या दशकातील पाहणीत आढळले. नगराने दूर लोटलेला रोग असा शेतकऱ्याच्या अनवाणी पायांना जाऊन भिडतो.

यावर जुना व खात्रीचा उपाय म्हणजे उष्णता. गाळ ७० अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवला, तर रोगजंतू आणि अंडी नष्ट होतात. चुलीवर आधी भांडे तापते, मग आतील पदार्थ. सूक्ष्मलहरी मात्र पदार्थातील पाण्याच्या रेणूंनाच आंदोलित करतात, त्यामुळे ऊब आतच निर्माण होते आणि गाळ झपाट्याने तापतो. अडचण अशी, की ओल्या गाळात बहुतांश पाणीच असते व ते तापविण्यात वीज खर्ची पडते. म्हणून आधी पाणी पिळून काढणे इष्ट. शिवाय कारखान्यांतून आलेले विषारी धातू कोणत्याही उष्णतेने जात नाहीत. ते उगमापाशीच रोखले पाहिजेत.

उष्णतेखेरीज दुसरा मार्गही आपल्या देशात चोखाळला गेला आहे. सयाजीरावांच्या वडोदऱ्यात १९९२ मध्ये तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्टच्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करणारे केंद्र सुरू झाले. २०१९ मध्ये अहमदाबादेत, वाळविलेल्या गाळासाठी, तसेच मोठे केंद्र उभे राहिले.

साधन सूक्ष्मलहरींचे असो वा किरणांचे, कसोटी एकच आहे. घाण नगरापासून किती दूर नेली, यावर नगराची स्वच्छता मोजता येत नाही. ती शेतकऱ्याच्या बांधावर कोणत्या अवस्थेत पोहोचते, हे पाहावे लागते. विश्वेश्वरय्यांनी अर्धे काम करून ठेवले. उरलेले अर्धे आपल्याकडे आहे.