मध्यरात्रीचे नागपूर आणि आपली पत्रे

जुन्या पंख्यांच्या विमानांवर वडूजला बोलायचे ठरले, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती हीच की, येरळेकाठच्या गावाचा या विषयाशी संबंध काय? त्या विमानांचा जमाना होता तेव्हा आपल्या भागातल्या फारच थोड्या माणसांनी त्यांत पाऊल ठेवले असेल. परंतु संबंध आहे, आणि तो पत्रांचा आहे. आपल्याकडचा माणूस विमानात बसला नाही. त्याचे पत्र मात्र बसले.

आपल्याकडील नियमित विमानसेवेचा आरंभही टपालापासूनच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक चिमुकले पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. त्यात प्रवासी नव्हता, टपालाची थैली होती. तेथून पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी ती टपाल बळ्ळारीवरून मद्रासला नेली. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जागा. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि मग सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याला हलवावे लागे. शेतकऱ्याने पावसाळ्यापुरती गुरे उंचावरच्या गोठ्यात न्यावीत, त्यातलाच हा प्रकार.

पुढे महायुद्ध आले आणि गेले. जाताना ते मागे ठेवून गेले शेकडो डाकोटा विमाने. अमेरिकन सैन्याने पूर्व भारतात टाकून दिलेली ही विमाने स्वस्तात मिळाली, बंगलोरच्या कारखान्यात त्यांची डागडुजी झाली, आणि जो तो विमान कंपनी काढू लागला. डाकोटा म्हणजे दोन इंजिनांचे, ताशी सुमारे पावणेतीनशे किलोमीटर वेगाचे, अंगापिंडाने दणकट विमान. त्याचे शेपटाकडचे चाक लहान असल्यामुळे ते जमिनीवर नाक वर करून उभे राही, आणि आत शिरलेल्या माणसाला आपल्या जागेपर्यंत चढण चढून जावे लागे! कच्च्या धावपट्टीचेही त्याला वावडे नव्हते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले ते याच विमानांतून, आणि त्या कामी खाजगी कंपन्यांची विमानेही धावली होती.

आता नागपूरकडे वळू. या साऱ्या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग तो आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे, आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या पुढे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई. कलकत्त्याची थैली मुंबईच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात. उतारूही याच्यातून त्याच्यात बसत. मग चारही विमाने आपापल्या गावी परतत, पहाटेपर्यंत. नागपूरच का, याचे उत्तर नकाशात आहे; चौघांनाही ते मध्यावर पडते. एरवी ज्या शहराची गणना मोठ्या बंदरांत होत नव्हती, त्याच्या अंगणात रोज रात्री घटका दोन घटका सारा देश जमत असे.

त्याच वर्षीच्या एप्रिलपासून जादा तिकीट न लावताही पत्रे विमानाने नेण्याची योजना सरकारने अमलात आणली. म्हणजे वडूजच्या पेटीत टाकलेले कलकत्त्याचे पत्र आधी मोटारीने रेल्वेपर्यंत, मग मुंबईपर्यंत, आणि तेथून थेट नागपूरच्या आकाशात! लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसे.

हे काम बिनधोक नव्हते. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाण करताच कोसळले आणि १३ माणसे दगावली. तरीही सेवा चालू राहिली, आणि पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर विमानेही तिच्यात आली. सत्तरीच्या दशकात मात्र ती बंद पडली. माझ्या मते तिची आठवण आपण फारच लवकर पुसून टाकली. आगगाडीच्या जुन्या इंजिनांचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण या विमानांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

विमानांचे पुढे काय झाले? १९५३ च्या ऑगस्टमध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे ९९ विमाने होती आणि त्यांत ७४ डाकोटा. १९५७ मध्ये व्हायकाउंट आले, १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप, १९६४ मध्ये जेट कॅरॅव्हेल. आणि डाकोटा मागे मागे सरत गेले. काही विकले गेले, बरेचसे मोडीत निघाले. हवाई दलाच्या एका डाकोटाचा क्रमांक मात्र आज पुन्हा आकाशात दिसतो. इंग्लंडात दुरुस्त केलेले एक विमान ‘परशुराम’ या नावाने एप्रिल २०१८ मध्ये भारतात आले. त्याच्यावर श्रीनगरला गेलेल्या विमानाचाच क्रमांक रंगवला आहे.

एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांचे नशीब निराळे. एके काळी लंडनच्या वाटेवर साहेबलोकांना नेणारी ही विमाने बोइंग आल्यावर हवाई दलाकडे गेली आणि समुद्रावर टेहळणी करू लागली. १९७६ मध्ये ती नौदलाकडे आली, आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निवृत्त झाली. त्यांतली एक, ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळचीच राणी, गोव्यात दाभोळी विमानतळाजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात आहे. चार इंजिने आणि शेपटीवर तीन उभे पंख, एवढी खूण लक्षात ठेवा. सुट्टीत गोव्याला जाणारी मंडळी समुद्र पाहून परततात. वेरूळची ही राणी तेथे उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी आहे.