नंबर

ज्याला एबीसीडीतलं ए कळत नाही असा माणूसही आमच्याकडं दिवसातून दहा वेळा ‘नंबर’ म्हणतो. गिरणीत दळणाचा नंबर, पूर्वी रेशनच्या दुकानात रॉकेलचा नंबर, चष्म्याचा नंबर. पोरगं बारावीनंतर कुठं चिकटलं का, हे विचारायचं तर “नंबर लागला का?” बैल देखणा असला की एक नंबर, पैसा काळा असला की दोन नंबरचा. शाळेत मात्र करंगळी दाखवली की एक नंबर. तिथं त्यात कौतुकाचं काही नव्हतं. पक्का बेरकी माणूस असला तर तो नंबरी. पारावरची म्हातारी माणसं कुणाच्या मातीला जाऊन आली की आंघोळीचं पाणी तापेपर्यंत आपसात ठरवायची, आता पुढचा नंबर कुणाचा.

पण या सगळ्यांच्या बुडाशी एकच नंबर आहे, तो जमिनीचा. आमचा तालुका इंदापूर. हा शब्द आमच्याकडं रुजला तो मोजणीच्या साखळीबरोबर, असं मला वाटतं. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनची पहिली मोजणी केली. तिचा सारा लोकांना पेलला नाही, शेतं ओस पडली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं मोजणी सुरू केली, ती इंदापुरातच. पुढं मुंबई इलाख्यात जी पद्धत पसरली तिचं पहिलं पाऊल आमच्या काळ्या रानात उमटलेलं आहे. साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. माती उकरून तिची खोली बघायची, चुनखडी आहे का, उतार किती, पाणी तुंबतं का, आणि त्यावरून रुपयात किती आणे ती जमीन भरते हे ठरवायचं. एक बैलजोडी जेवढं रान वाहू शकेल साधारण तेवढ्याचा एक तुकडा धरायचा, कोपऱ्याला हद्दीचे दगड रोवायचे आणि त्या तुकड्याला आकडा द्यायचा. तो सर्व्हे नंबर. सारा तीस वर्षांसाठी बांधून दिलेला.

त्याआधी रानांना आकडे नव्हते, नावं होती. मराठेशाहीत थळं होती, थळझाड्याचे कागद होते, मिरासदार आणि उपरी असा भेद होता. गावाला कुणाचं काय हे तोंडपाठ होतं, आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. आमच्याही तुकड्यांना नावं होती: चिंचेचं, डगरीचं, वढ्याकडचं, थोरल्या विहिरीचं. नंबर आल्यावर चिंचेचं झालं एकशेचौदा. माझ्या आज्याला सही येत नव्हती, अंगठा होता. पण एकशेचौदा हा आकडा त्याला कागदावर ओळखू यायचा. अक्षरं न शिकता त्यानं एवढंच एक चित्र शिकून घेतलं होतं.

नंबरानं कुळवाड्याला जमिनीचा धनी केलं हे खरं आहे. सारा भरा, नंबर तुमचा. पण ज्याला आकडा असतो ते गहाण पडू शकतं, हेही तितकंच खरं. सावकाराला आता रान बघायची गरज उरली नाही, खतावर नंबर लिहिला की काम झालं. तीस वर्षांची मुदत संपली तसा सारा वाढला, अमेरिकेतलं यादवी युद्ध मिटल्यावर कापसाचा भाव पडला, आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या, खतं बाहेर काढून पेटवली. त्या दंग्यात माणसं मारण्यावर फारसा भर नव्हता, कागद जाळण्यावर होता. मला त्यात फार शहाणपण दिसतं. आपलं रान कुठं अडकलंय हे त्या लोकांना नेमकं ठाऊक होतं.

पाण्यालाही हा शब्द लागला. विहिरीवर चार भावांची मोट असली की तिथं ‘पाळी’ असायची. कालवा आला आणि पाण्यासाठी अर्ज आला, नमुना नंबर सात. अजून पाण्याचं आवर्तन सुटायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच, “सात नंबर भरला का?” कागदावर शेजपाळी शेपटाकडून वर यायची असते. कागदावर. पाळी चुकली तर भावाशी भांडता यायचं. सात नंबर राहिला तर भांडायचं कुणाशी? साखर कारखान्यात तर या शब्दाची नोकरीच झाली. गाडीतळावर उसाच्या गाड्यांना नंबर देणारा तो नंबर टेकर. बैल जुंपणीतून सोडून, रात्रभर थंडीत बसून लोक त्याच्या आवाजाकडं कान लावायचे.

सातबारा म्हणजेही दोन नंबरच, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कसलं. माझ्या लहानपणी आमच्या गावात एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर मोडून गट झाले, आणि एकशेचौदाचा गट नंबर झाला दोनशेसत्त्याऐंशी. आजा तो नवा आकडा शिकलाच नाही. “सरकारचा आसंल त्यो,” म्हणायचा.

आजा गेला तेव्हा १९५६ चा वारसा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळं वारस म्हणून माझ्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावाखाली थोरल्या आत्याचंही नाव सातबाऱ्यावर चढलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कुठं लागलं असेल तर ते तिथं. ते वर्षभरसुद्धा टिकलं नाही. रिवाजाप्रमाणं भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन गेले, माहेर तुटू नये म्हणून तिनं अंगठा दिला, चोळीबांगडी झाली. कुणी दमदाटी केली नाही. तशी गरजच पडत नाही. सातबाऱ्यावरचं नाव तेव्हा खोडत नसत, त्याला कंस घालत. आत्याच्या नावाला कंस पडला.

ती त्यानंतर तीस वर्षं जगली. दर दिवाळीला यायची, आणि ओसरीवर टेकायच्या आत विचारायची.

“दादा, एकशेचौदात औंदा काय हाय?”

“ऊस हाय, आक्का. पण आता दोनशेसत्त्याऐंशी म्हणत्यात त्येला.”

“म्हणू दे की. खोडवा हाय का लागण?”

वडील काहीतरी सांगायचे. मग दुपारी ऊन उतरलं की ती पदर खोचून एकटीच तिकडं जायची. येताना ओट्यात चिंचेचे आकडे असायचे.