राखणदार माती

शेतकरी पिकाची राखण करतो, हे आपण जाणतोच. पण मातीच पिकाची राखण करते असे कुणी सांगितले, तर तुम्ही काय म्हणाल? हसू नका. गव्हाच्या शेतांत हे घडले आहे, आणि त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण ऑस्ट्रेलियात गव्हावर एक रोग दिसू लागला. मुळे काळी पडत आणि दाणा भरण्याआधीच ओंब्या पांढऱ्याफटक होत. लोकांनी त्याला नाव दिले 'टेक-ऑल', म्हणजे सगळेच घेऊन जाणारा! याचे कारण एक बुरशी. ती जुन्या मुळांवर नि धसकटांवर तग धरते आणि पुढच्या पेरणीच्या गव्हाला गाठते. मुख्य उपाय म्हणजे पिकाची फेरपालट.

पण ज्याचा सारा संसार गव्हावरच चालतो, त्याने काय करावे? अशा शेतकऱ्यांनी गव्हावर गहू घेतला, आणि नवल घडले. काही वर्षे रोग वाढत गेला, एखादे वर्ष तर नागवणारे आले; आणि मग तो आपसूक ओसरला! इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथील ब्रॉडबॉक शेतात १८४३ सालापासून गहू पेरला जातो. तिथेही सततच्या गव्हात हा रोग बेताचाच राहतो.

हे कोण करते? १९३१ साली कॅनडातील सॅनफर्ड आणि ब्रॉडफूट यांनी दाखवून दिले की, मातीतले इतर सूक्ष्म जीव या बुरशीचा जोर मोडू शकतात. पुढे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात असे आढळले की, जुन्या गव्हाच्या शेतातली थोडी माती रोगट मातीत मिसळली, तर राखणीचा गुण तिच्यातही उतरतो. जणू दुधाला लावलेले विरजणच! तीच माती ओलसर असताना ६० अंश सेल्सियसपर्यंत अर्धा तास तापवली, की गुण नाहीसा. म्हणजे राखणदार जिवंत होता.

१९७६ साली कुक आणि रोविरा यांनी बोट ठेवले ते 'स्यूडोमोनास' या जिवाणूंवर. गव्हाच्या मुळांतून पाझरणाऱ्या शर्करेवर ते पोसतात आणि मुळांभोवती वस्ती करतात. त्यांतले काही बुरशीला मारक द्रव्ये तयार करतात. १९८८ साली याचा पुरावा मिळाला: असे द्रव्य करण्याची शक्ती काढून घेतलेला जिवाणू पिकाचे पूर्वीसारखे रक्षण करीना. १९९८ सालच्या संशोधनात तर हिशेबही निघाला. एक ग्रॅम मुळावर असे सुमारे एक लाख जिवाणू असले, तर रोग आवरतो.

आता खरी अडचण पाहा. ही फौज उभी राहते ती रोगाची वर्षे सोसल्यावर, आणि मध्येच पीक बदलले तर ती विरळ होते. पण नागवणारे वर्ष सोसायला घरात दाणे तर हवेत! म्हणूनच जिवाणू वाढवून ते बियाण्याला चोळण्याचा मार्ग निघाला. तो काही शेतांत फळला, काहींत नाही. कारण माती, ओल आणि हवा सगळीकडे सारखी नसते.

आपल्याकडेही हरभऱ्याच्या मर रोगासाठी बीजप्रक्रियेत स्यूडोमोनासची पूड वापरतात. ती आणाल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या: पुडीत जिवंत जिवाणू आहेत. त्यांना उन्हात ठेवू नका, मुदत तपासून घ्या, आणि मातीत त्यांना राहण्याजोगी ओल नि सेंद्रिय खत असू द्या. राखणदार ठेवायचा, तर त्याच्या पोटापाण्याची सोय आपणच केली पाहिजे.