अहमदनगर परिसरातील जुनी चिनी मातीची भोजनपात्रे : मूल्यनिर्धारणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना केली व १४९४ मध्ये अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) वसविले. या राज्याचे समुद्राकडील द्वार म्हणजे चौल बंदर होय. तेथील मध्ययुगीन अवशेषांत चिनी पोर्सलिनचे तुकडे आढळतात. १८१७ मध्ये नगर इंग्रजी अमलाखाली आले आणि लष्करी छावणीबरोबर विलायती बशा-थाळ्यांचा वापरही आला. जुन्या वाड्या-बंगल्यांतून निघणाऱ्या अशा पात्रांचे मोल कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूल्यनिर्धारणाचे निकष :
बाजारातील किंमत दुर्मिळता, संचाची पूर्णता, तडे-टवके आणि मागणी यांवर ठरते. कालनिश्चिती ही मात्र स्वतंत्र बाब आहे. केवळ बुडावरील मुद्रेवर विसंबणे धोक्याचे ठरते. कारण चीनमध्ये कांग्शी काळात (१६६२-१७२२) पूर्वीच्या मिंग सम्राटांच्या मुद्राही उमटविल्या जात. म्हणून माती, झिलई व बुडाची कड एकत्रित तपासावी लागते. विलायती पात्रांबाबत देशाचे नाव उपयोगी पडते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर ते सक्तीचे केल्यामुळे 'इंग्लंड' असे छापलेली बशी बहुधा १८९१ नंतरची असते.

लोकसमजुतीही मूल्य वाढवितात. हिरवट झिलईचे सेलाडॉन पात्र विषाच्या स्पर्शाने तडकते, असा समज मुघल काळात होता. तो शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. तथापि दरबारी जीवनातील भयाचा तो बोलका पुरावा आहे.

मूळस्थानाचे महत्त्व :
चौलच्या उत्खननात ज्ञात थरात मिळालेल्या तुकड्याला बाजारात किंमत नसते, परंतु सागरी व्यापाराचा तो साक्षीदार असतो. याउलट, कोणत्या घरातून आली हे न नोंदता विकलेली अखंड थाळी इतिहासाच्या दृष्टीने मुकी होते. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या खाजगी निर्यातीस बंदी असून त्यांच्या विक्री व्यवसायास परवाना लागतो. मात्र घराघरांतील आठवणींची नोंद कायदा करू शकत नाही.

निष्कर्ष :
किंमत वस्तूची होते, मोल तिच्या नोंदीचे असते. वाडा पाडला जाण्यापूर्वी पात्राचे मोजमाप, बुडाचे छायाचित्र आणि कुटुंबातील वृद्धांची आठवण एवढे टिपून ठेवणे महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज शक्य आहे. भांडे विकले गेले तरी नोंद उरते. नोंदच नसेल तर भांडे राहूनही इतिहास हरवतो.