घरच्या घरी ‘पेल एल’ बनवता येते का?

पेल एल ही मूळची इंग्लंडची, सोनेरी ते तांबूस रंगाची बिअर. तिच्यात इंग्लिश माल्ट आणि जर्मन हॉप्स यांचा मेळ घालता येतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ‘मॅरिस ऑटर’ या इंग्लिश जातीच्या माल्टमुळे बिस्किटासारखी चव येते. बव्हेरियातल्या हॅलरटाऊ भागातल्या हॉप्समुळे सौम्य कडवटपणा आणि फुलांसारखा गंध येतो.

माल्ट साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की स्टार्चची साखर होते. मग ते पाणी गाळून, हॉप्स घालून उकळतात आणि थंड झाल्यावर यीस्ट घालतात. एल यीस्टला 18 ते 22 अंश तापमान मानवतं. सोलापूरजवळच्या होटगीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्णतेत बिअरची चव बिघडते.

त्याहून मोठी अडचण कायद्याची. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. बिअरही त्यात येते. कलम 65 मध्ये कैद आणि दंडाची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये मात्र 1963 पासून स्वतःपुरत्या बिअरला परवाना लागत नाही.

महाराष्ट्रात ताजी बिअर बनते ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीत. पुण्यातली ‘डूलाली’ 2009 मध्ये सुरू झाली.