रजिस्टरमधलं नाव

मागच्या व्याख्यानात आपण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या स्थापनेपर्यंत, म्हणजे १८४५ पर्यंत आलो होतो. आज तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरच्या मागे जाऊ या. पदवी हातात आहे, पण परदेशात काम करायचं तर तिथल्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. हे नाव लावायचं की नाही, ते कोण ठरवणार? या एका प्रश्नावर भारत आणि ब्रिटन यांच्यात अनेक दशकं ओढाताण चालली.

सुरुवात १८५८ च्या ब्रिटिश मेडिकल अॅक्टपासून करू. या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झालं आणि डॉक्टरांचं रजिस्टर तयार झालं. गंमत म्हणजे, रजिस्टरबाहेरच्या माणसाला औषध देण्याची बंदी नव्हती. पण त्याला सरकारी नेमणूक मिळत नसे आणि थकलेल्या फीसाठी कोर्टात जाता येत नसे. म्हणजे नाव नसेल तर धंदा करा, पण प्रतिष्ठा आणि नोकरी विसरा. पुढे १८८६ च्या कायद्याने वसाहतींमधल्या पदव्यांना या रजिस्टरचं दार उघडलं आणि भारतीय विद्यापीठांच्या पदव्यांनाही मान्यता मिळाली. इकडे १९१२ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा मेडिकल अॅक्ट केला. डॉक्टरांच्या नोंदणीचा असा कायदा करणारा हा भारतातला पहिला प्रांत.

आता खरी अडचण पाहू. १९२० च्या दशकात कौन्सिलच्या वतीने सर नॉर्मन वॉकर इथली कॉलेजं पाहून गेले. आक्षेपाचा मुद्दा होता बाळंतपणाच्या शिक्षणाचा. विद्यार्थ्याने स्वतः हाताळलेली बाळंतपणं फार कमी, असं त्यांचं म्हणणं. हे खोटं नव्हतं. पण कारण काय? आपल्याकडे बाई बाळंत होई ती घरात, सुईणीच्या हाती. ती इस्पितळात येतच नव्हती, तर विद्यार्थी शिकणार कुणावर?

मग लंडनने मागणी केली की साऱ्या कॉलेजांवर देखरेख करणारी व्यवस्था हवी. त्यासाठी कमिशनर नेमण्याच्या कल्पनेला विधिमंडळातल्या भारतीय सभासदांनी विरोध केला. आमच्या कॉलेजांची तपासणी तुमच्या माणसाने का करावी, हा त्यामागचा सवाल. हा काळ लक्षात घ्या. १९२६ मध्येच परळला केईएम आणि जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं होतं, आणि तिथले शिक्षक भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट होती.

१९३० मध्ये कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. फटका कुणाला बसला? इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरायला ब्रिटिश रजिस्टरवर नाव लागत असे. म्हणजे भारतात शिकलेल्या डॉक्टरला भारतातल्याच वरिष्ठ नोकरीचा सरळ रस्ता बंद झाला! यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अॅक्ट आला. आता दर्जा ठरवणारी संस्था आपली होती, आणि तिला दुसऱ्या देशांशी परस्पर मान्यतेची बोलणी करता येत होती. काही वर्षांत ब्रिटनची मान्यता परतही आली.

पण एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. या नव्या कौन्सिलच्या कक्षेत पदवीधर होते, लायसेन्शिएट नव्हते. मुंबईत ज्यांना एलसीपीएस म्हणत, ते खेडोपाडी काम करणारे डॉक्टर बाहेरच राहिले. लंडनच्या दारावर जो अपमान सोसला, त्याच्यासारखं दार आपणही घरात बसवलं.

१९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांना फारशा नको असलेल्या जागा, म्हणजे वृद्धांचे आणि मनोरुग्णांचे विभाग, औद्योगिक गावांतले दवाखाने, पुढच्या दशकांत बऱ्याच अंशी भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांनी सांभाळल्या. तरी १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली. त्याच वर्षी परदेशी डॉक्टरांसाठी इंग्रजी आणि वैद्यकीय ज्ञान यांची परीक्षा सुरू झाली. आज आपली मुलं जी ‘प्लॅब’ देतात, ती तिचीच पुढची पिढी.

परीक्षाच नको, असं आपण म्हणणार का? नाही. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला डॉक्टरचं शिक्षण तपासता येत नाही, ते काम कुणीतरी करायलाच हवं. २००२ पासून भारतही हेच करतो. रशिया, चीन, युक्रेनमधून शिकून आलेल्या मुलांना इथे तीनशे प्रश्नांची एफएमजीई द्यावी लागते, आणि त्यात निम्मे गुण मिळवावे लागतात. १९३० मध्ये आपण दाराबाहेर होतो, आज त्याच दाराच्या आत बसलो आहोत.

म्हणून इतिहासाकडून एवढंच घेऊ: कसोटी कडक असू दे, पण ती पदवीच्या देशाची नको, माणसाच्या हातातल्या कामाची हवी. आणि ज्याला नापास ठरवलं, त्याला काय कमी पडलं हे सांगायची तयारीही हवी. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.