अमेरिकेतील ‘पर्सनल केअर एड’ : कामाचे स्वरूप, वेतन आणि संधी

वृद्ध, अपंग अथवा दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस तिच्या घरी दैनंदिन व्यवहारांत साहाय्य करणाऱ्या पगारी सेवकास अमेरिकेत ‘पर्सनल केअर एड’ म्हणतात. आपल्याकडील रुग्णालयांतील ‘मावशी’ व ‘मामा’, किंवा ब्युरोमार्फत घरी येणारी बाई यांच्या कामाशी हे काम पुष्कळसे जुळते. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे, शौचास नेणे, स्वयंपाक, धुणे, डॉक्टरांकडे घेऊन जाणे आणि सोबत करणे हे त्याचे स्वरूप होय. औषधोपचार त्यात येत नाहीत. नाडी वा ताप पाहण्यासारखी कामे नर्सच्या देखरेखीखाली ‘होम हेल्थ एड’ करतात. मेडिकेअरमान्य संस्थेत अशा एडला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. पर्सनल केअर एडसाठी मात्र देशव्यापी अट नाही. प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

मागणीचा प्रश्नच नाही. अमेरिकन श्रम सांख्यिकी खात्याच्या नोंदीनुसार या दोन्ही प्रकारांत मिळून ४० लाखांहून अधिक लोक काम करतात आणि २०२४ ते २०३४ या दशकात त्यात सुमारे १७ टक्के वाढ अपेक्षित आहे. दरवर्षी साडेसात लाखांहून अधिक जागा रिकाम्या होतील, असा अंदाज आहे. हा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. यांतील बहुतांश जागा जुनी माणसे काम सोडून जातात म्हणून निर्माण होतात. मे २०२४ मध्ये मध्यम वार्षिक वेतन ३४,९०० डॉलर होते. तेथील घरभाडे पाहता ही रक्कम तुटपुंजीच. खर्चाचा मोठा वाटा ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना उचलते व दर राज्य सरकारे ठरवतात, त्यामुळे पगार वाढवण्यास संस्थांचे हात बांधलेले असतात. शिवाय माणूस उचलता-बसवताना पाठ धरते, ती वेगळीच.

एव्हलिन कोक या मूळच्या जमैकाच्या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षे हेच काम केले. जादा तासांचा मोबदला मिळावा म्हणून त्या न्यायालयात गेल्या. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरोधात निर्णय दिला, कारण १९७४ च्या दुरुस्तीने ‘सोबत करणाऱ्या’ सेवकांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळले होते. कोक २००९ साली वारल्या. संस्थांमार्फत काम करणाऱ्यांना ते संरक्षण देणारा नियम २०१३ मध्ये झाला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव श्रम खात्यानेच जुलै २०२५ मध्ये मांडला.

या क्षेत्रात स्थलांतरित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, म्हणून आपल्या तरुणींनाही तेथे सहज जाता येईल, असा समज करून दिला जातो. वस्तुस्थिती अशी की या कामासाठी स्वतंत्र तात्पुरता व्हिसा नाही. एच-१बी लागू होत नाही, पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे. कायम निवासाच्या ‘इतर कामगार’ या वर्गास वर्षाला जगभरासाठी मिळून जास्तीत जास्त १०,००० व्हिसा आहेत आणि रांग अनेक वर्षांची आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये अशा सेवकांसाठी दार उघडले होते, परंतु परदेशातून नव्याने होणारी ही भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली. ‘केअरगिव्हर व्हिसा’साठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला तो नेमका कोणत्या वर्गातील व्हिसा देणार आहे, हे आधी लेखी विचारावे.